समुद्री तंतू आणि सुहासिनीबाईंचा श्रावण

डब्याबाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचायची सवय उत्तराला जुईमुळे लागली. दोन वर्षांच्या मुलीच्या पोटात काय जातंय हे आईने वाचायचं नाही तर कोणी वाचायचं? ग्राइप वॉटर, बिस्किटं, दात येतानाच्या गोळ्या, सगळं ती वाचायची. एकदा तिने फिनेलचा डबासुद्धा शेवटपर्यंत वाचला आणि जेवताना सांगितलं, की धोक्याची सूचना इंग्रजीत पाच ओळींची आहे आणि मराठीत तीनच.

"मग मराठीत प्यायला हरकत नाही," हरिहर वरणभात कालवत म्हणाला. हरिहर म्हणजे तिचा नवरा. सासूबाईंसमोर, म्हणजे सुहासिनीबाईंसमोर, 'अहो', खोलीत 'अरे', आणि अशा वेळी काहीच नाही.

अशातच तिसऱ्या मजल्यावरच्या नंदावहिनींनी एक पांढरी बाटली तिच्या हातात ठेवली आणि उत्तरा ती डोळ्यांजवळ नेऊ लागली, तेव्हा वहिनी जे बोलल्या त्याने पुढच्या सगळ्या प्रकाराला आग लागली.

"वाचायचं काय त्यात? गिळायचं. जेवणाआधी दोन. ही सुहासिनीबाईंना. आणि हवी तर तुलाही आणते गं. बाळंतपणाचं वजन काहीजणींचं उतरतच नाही लवकर."

हे जिन्यात. भाजीवाला कोथिंबिरीची जुडी धरून उभा असताना. भाजीवाल्यानेही उत्तराकडे एकदा नीट पाहिलं, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

आता नंदावहिनींवर चिडायचं म्हणजे तरी किती चिडायचं? जुई दोन महिने आधी जन्मली आणि अकरा दिवस काचेच्या पेटीत होती, तेव्हा अकरा दिवस दोन्ही वेळचा डबा घेऊन हॉस्पिटलात येणारी बाई हीच. स्वतः देशावरची, घरात अंड्याचं कवचसुद्धा कधी न आलेली. पण सुहासिनीबाईंना मालवणची चव हवी म्हणून तिने त्या डब्यात ओलं खोबरं घालायला सुरुवात केली होती. अशा बाईने दिलेली बाटली परत कशी करायची? सुहासिनीबाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली.

बाटलीवर 'मेदमुक्ता' असं सोनेरी अक्षरांत छापलेली चिठ्ठी होती. माल परदेशातला, नाव इथलं. घटक: शुद्ध समुद्री तंतू. काम: खाल्लेली चरबी पोटातच अडवणे. त्याखाली आणखी लहान अक्षरात: हे औषध नाही.

"औषध नाही, मग आहे काय?" उत्तराने विचारलं.

"ते शुक्रवारी सर सांगतील," वहिनी म्हणाल्या.

सर म्हणजे सहदेव सर. आषाढातल्या त्या शुक्रवारी ते नंदावहिनींच्या हॉलमध्ये टाय बांधून आले. याआधी त्यांनी इमारतीत चुंबकाच्या गाद्या विकल्या होत्या, त्यामुळे ओळख होती. त्यांनी ग्लासभर पाण्यात पळीभर तेल ओतलं, एक कॅप्सूल मोडून पूड टाकली, चमच्याने ढवळलं. तेलाच्या गुठळ्या होऊन पूड खाली बसली. बायकांनी "अगं बाई!" म्हटलं.

"ही चरबी आता अटक झाली," सर म्हणाले. "पोटात हा तुमचा वॉचमन. तूप खा, श्रीखंड खा, वॉचमन आत सोडणारच नाही."

उत्तरा बी.एस्सी. केमिस्ट्री. फर्स्ट क्लास. तो फर्स्ट क्लास गेली दोन वर्षं जुईचे लंगोट आणि कुकरच्या शिट्ट्या यांच्यात दबून होता, तो त्या ग्लासाकडे पाहून उभा राहिला.

"पण पोटात नळाचं पाणी नसतं. आम्ल असतं, पित्त असतं. ग्लासात झालं ते पोटात होतं कशावरून? आणि झालंच, तर रोजच्या तुपातला कितीसा कण ह्या एवढ्याशा पुडीला धरता येणार? आणि धरला, तर ती अडवलेली चरबी जाते कुठे?"

"बाहेर," सर म्हणाले.

"म्हणजे कशी?"

"उत्तरा," नंदावहिनी दबक्या आवाजात म्हणाल्या, "समोर बटाटेवडा आहे."

सगळ्या हसल्या. सगळ्यांत जास्त हसल्या त्या सुहासिनीबाई, स्वतःच्या सासूबाई. त्यांचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी आठ किलो उतरवा आणि तूप बंद करा असं सांगितलं होतं. तूप बंद हे शब्द त्यांना एवढे लागले होते, की त्या डॉक्टरांचा उल्लेख त्या अजूनही 'तो मुलगा' असा करत. उत्तराला धास्ती होती ती ह्याचीच. वॉचमनच्या भरवशावर ह्या उद्यापासून तूपभात सुरू करतील, आणि गुडघे बसतील ते जुईच्या मागे धावायच्या वयात.

घरी येऊन तिने तोच प्रयोग केला. एका ग्लासात त्यांची पूड, दुसऱ्यात चमचाभर बेसन. ढवळलं. बेसनाच्या गुठळ्या त्यांच्यापेक्षा मोठ्या झाल्या! उत्तराने पूड हुंगली, तिला कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मागच्या कपाटासारखा वास आला. वासाच्या बाबतीत त्या घरात विचारायचं तरी कोणाला? हरिहरला बारा महिने सर्दी. आणि सासूबाई देवळात गेल्या होत्या.

विजयाच्या भरात ती दोन्ही ग्लास ट्रेमध्ये घेऊन तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथे चार बायका होत्या. तिने ढवळून दाखवलं. "बघा. ही त्यांची पूड, हे आपलं बेसन. काही फरक आहे?"

बायका वाकून बघू लागल्या. शांतता पसरली. उत्तराला वाटलं, हीच ती विज्ञानाची शांतता.

"म्हणजे बेसनानेही उतरतं?" एकीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या इमारतीत पिठलं होतं. तिसऱ्या दिवशी भजी. ए विंगच्या एक बाई भेटल्या तर पदराने हात पुसत म्हणाल्या, "तुमचं ते बेसनाचं सुरू केलंय हो. तेलातच तळते, म्हणजे जिथल्या तिथे अडवलं जातं." उत्तराने जिन्याच्या कठड्याला डोकं टेकवलं. पुढे आठवडाभर वाणी तिला पाहिलं की पुढे येऊन हसायचा.

एवढं होईपर्यंत श्रावण लागला.

सुहासिनीबाईंचा श्रावण म्हणजे एरवी गंमत होती. अकरा महिने ज्या बाईला माशाशिवाय घास उतरत नाही, तिने महिनाभर मुगाच्या वरणाकडे असं बघायचं, की वरणालाच अपराधी वाटावं. पण गेली दोन वर्षं त्यात गंमत राहिली नव्हती. जुई पेटीत असताना, हॉस्पिटलच्या बाकावर बसून त्यांनी कोपिनेश्वराला बोललं होतं: पोरगी घरी येऊ दे, तिला पाच वर्षं पुरी होईपर्यंत माझा श्रावण कडक. मासळी नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही. चुकून एक दिवस मोडला, तर नवस मोडला. हे त्यांचं तिसरं वर्ष.

नवसबिवस उत्तरा मानत नव्हती. त्या अकरा दिवसांत तिने स्वतः काय काय मानलं होतं, ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

दर सोमवारी सुहासिनीबाई कोपरीतून पुलावरून पलीकडे कोपिनेश्वराला जात, आणि येताना स्टेशनातल्या तिकीटखिडकीजवळच्या वजनयंत्रावर उभ्या राहत. दिवे लुकलुकायचे, चक्र फिरायचं, पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आषाढाच्या शेवटच्या सोमवारी बहात्तर किलो, 'आपणांस परदेशगमनाचा योग आहे.' श्रावणाच्या पहिल्या सोमवारी एकाहत्तर, 'शत्रूपासून सावध राहा.' दुसऱ्या सोमवारी साडेएकोणसत्तर.

अडीच किलो! नंदावहिनींनी ती तिन्ही तिकिटं मागून नेली आणि इमारतभर फिरवली. ए विंगच्या बाईंनी लगेच बाटली घेतली. बेसनाने त्यांचं दोन किलो वाढलं होतं, त्याचा दोष अर्थातच उत्तराचा.

"आई, तुम्ही सोमवार-शनिवार एकवेळ जेवता," उत्तराने समजावलं. "तळलेली मासळी बंद आहे. पूल चढता-उतरता. त्याने उतरलंय. आणि ते यंत्र धड नाही, परवा मी जुईला कडेवर घेऊन उभी राहिले तर माझ्या एकटीपेक्षा कमी दाखवलं."

"असेल बाई," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि ताटावर बसल्या. जेवणाआधी बाटली घेऊन त्या देवघराच्या कोपऱ्यात जात, पाठमोऱ्या काहीतरी करून येत, आणि मग वरणभात जेवत. शांतपणे. गेल्या दोन श्रावणांत वरणाला दिलेली ती नजर यंदा नव्हतीच. घासही मोजके. उत्तराचं लक्ष असायचं. तिचं सगळ्याकडेच लक्ष असायचं. गोळीने भूक मरते की काय, ही नवीन काळजी तिला लागली.

शेवटी तिने सरकारदरबारी जायचं ठरवलं. कचेरीचं नाव कशाला, अशा कचेऱ्या सगळ्या सारख्याच. जुईला कडेवर, बाटली पिशवीत. तळमजल्यावर खाण्याच्या पदार्थांच्या तक्रारी घेत. तिथल्या साहेबांनी बाटली हलवली.

"कॅप्सूल आहे. म्हणजे औषध. दुसरा मजला."

दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी चष्मा लावला. "इथे लिहिलंय, हे औषध नाही. म्हणजे अन्न. तळमजला."

"त्यांनीच वर पाठवलं."

"ते वाचत नाहीत, बाई."

उत्तराचे डोळे भरून आले. सबंध ठाणे जिल्ह्यात बारीक अक्षर वाचणारा एक माणूस भेटला, तोही तिला जिना उतरायला सांगत होता. तळमजल्यावर पुन्हा गेल्यावर त्या साहेबांनी दयेने अर्ज पुढे ओढला.

"तक्रार काय लिहू? कोणी आजारी पडलं?"

"नाही."

"वजन वाढलं?"

"नाही... उतरलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "उतरवायचीच बाटली आहे ना? मग तक्रार कसली, बाई?" जुईने तोवर त्यांचं शिक्क्याचं शाईपॅड चाटलं होतं, त्यामुळे वादात पडण्याऐवजी उत्तरा नळ शोधत धावली. निळ्या जिभेची मुलगी घेऊन ती रिक्षात बसली. एखाद्या बाईचा किती अपमान व्हावा ह्याला सरकारने काही मर्यादा घालून द्यायला हवी, असं तिला तीव्रपणे वाटलं.

घरी आल्यावर तिला दिसलं, की पिशवीत जुईची पाण्याची बाटली सांडली आहे आणि 'मेदमुक्ता'ची सोनेरी चिठ्ठी एका कोपऱ्यातून सुटली आहे. खाली दुसरा कागद होता. मूळचा, परदेशातला. उत्तराने आधण ठेवलं, वाफेवर बाटली धरली, आणि चिठ्ठी अलगद सोलली. बारीक इंग्रजी अक्षर. तिने एकदा वाचलं. मग खिडकीपाशी जाऊन वाचलं.

कोळंबी आणि खेकडे यांच्या कवचांपासून तयार केलेले. कवचवर्गीय मासळी ज्यांना चालत नाही त्यांनी घेऊ नये.

पहिल्यांदा तिला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. केवढं हत्यार हातात आलं! नंदावहिनी, अंड्याचं कवच न पाहिलेल्या नंदावहिनी, दोन महिने दिवसाला चार ह्या हिशेबाने कोळंबी गिळत होत्या. एक वाक्य, आणि बाटल्या कचऱ्यात. ती चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलीसुद्धा.

तिथे तिचा पाय थबकला.

आई. श्रावणाचे सतरा दिवस. मासळी नाही, चुकून एक दिवस मोडला तर नवस मोडला.

ती परत आली आणि जुईच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. पंधरा मिनिटांनी तिने पुन्हा लावला.

"अरे, समज माणसाला माहीतच नसेल," तिने हरिहरला खोलीत विचारलं, "आणि नकळत काही खाल्लं गेलं, तर ते धरतात का?"

"कोण धरतात?"

"देव."

हरिहर तिच्याकडे बघतच राहिला. केमिस्ट्री फर्स्ट क्लास, लग्न रजिस्टर पद्धतीने, सत्यनारायणाला नाक मुरडणारी आपली बायको! "बरी आहेस ना?" त्याने विचारलं आणि तिच्या कपाळाला हात लावला.

चिठ्ठी तिने भाताच्या शिताने पुन्हा चिकटवली. मूळ कागद मात्र सोलून, घडी घालून पर्समध्ये. आणि बाटली देवघरात जागच्या जागी. नंतर तिला वाटलं, निदान ती लपवावी, लपवली. अर्ध्या तासात सुहासिनीबाईंनी सगळं घर डोक्यावर घेतलं. त्यांना इतकं बेचैन झालेलं उत्तराने कधीच पाहिलं नव्हतं. "माझी बाटली कुठंय? जेवू कशी मी?" शेवटी ती 'सापडली'. हे व्यसन लावणारंही आहे, उत्तराने मनात नोंद केली, आणि त्या रात्रीचं जेवण तिला गेलं नाही.

शुक्रवार उजाडला. श्रावणी शुक्रवारचं नंदावहिनींकडचं हळदीकुंकू, दूध आणि फुटाणे. आणि यंदा त्याला जोडून सहदेव सर. नारळी पौर्णिमा चारच दिवसांपूर्वी झाली होती. हॉलमध्ये पस्तीस बायका मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. त्यांतल्या निदान वीसजणी कडक श्रावणवाल्या. सरांनी भिंतीवर तीन तिकिटं चिकटवली होती आणि वर लिहिलं होतं: बहात्तर ते साडेएकोणसत्तर, एक सत्यकथा.

"आता स्वतः सुहासिनीबाई दोन शब्द बोलतील," नंदावहिनी म्हणाल्या. "त्यानंतर ज्यांना बाटली हवी त्यांनी नावं द्या."

उत्तराच्या मांडीवर जुई, हातात पर्स, पर्समध्ये तो कागद. बोलली तर आईंचा नवस सगळ्यांच्या देखत मोडणार. नाही बोलली तर ह्या वीसजणी आपापले नवस घरी नेऊन दुधाबरोबर गिळणार. सुहासिनीबाई गुडघ्यांवर हात टेकून उठू लागल्या.

"थांबा!" उत्तरा उभी राहिली.

पस्तीस तोंडं वळली. फुटाण्यांचा आवाज थांबला.

"ते... ते वजनाचं यंत्र बिघडलेलं आहे," उत्तरा म्हणाली. "जुईला घेऊन उभं राहिलं की कमी दाखवतं."

मग ए विंगच्या बाई म्हणाल्या, "मग जुईचाच पट्टा बांधू हो कमरेला!" आणि हॉलभर हशा पिकला. सहदेव सर मोठ्या मनाने म्हणाले, "शिकलेल्या लोकांना शंका येतातच. आपण पुन्हा दाखवू," आणि त्यांनी ग्लास, तेल, पूड घेतली. यावेळी पस्तीसजणींना दिसावं म्हणून मोठं काचेचं भांडं, कोमट पाणी, आणि एकदम दहा कॅप्सूल.

उत्तरा खाली बसली.

तेवढ्यात दारात आवाडाबाई आली. चेंदणीच्या कोळीवाड्यातली आवाडाबाई गेली वीस वर्षं सुहासिनीबाईंना मासळी द्यायची. श्रावणात टोपली बंद, पण पौर्णिमेच्या नारळाच्या करंज्या जुन्या गिऱ्हाइकांना पोचवायचीच. खाली कुलूप बघून ती वर आली होती.

"सुहासिनीबाय हाय का गो हितं? पुनवेच्या करंज्या आनल्यान." असं म्हणत ती उंबऱ्यात थांबली. नाक वर केलं. "आगो बाय! कोलबी कोन शिजवतं गो? आज शुक्कार ना?"

"इथे कोळंबी कुठली?" नंदावहिनी कसनुसं हसल्या. "आमच्या घरात?"

"नाय कशी?" आवाडाबाई सरळ आत आली, भांड्यावर वाकली, चमचा उचलून हुंगला. "यो त कोलबीच्या सालटांचा वास. मना नको सांगू, जलम गेला माजा कोलबी सोलन्यान. सुकवून कुटल्यान कोनतरी." मग तिने बाटल्यांची रांग पाहिली. "ह्ये तुमी गिलताव? आमी त खाडीन फेकताव!"

सहदेव सर म्हणाले, की समुद्री तंतू ही एक प्रकारची वनस्पतीच असते, फक्त तिला पानं नसतात.

"आनि मिशा असतान!" आवाडाबाई म्हणाली.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. उत्तराने पर्समधला कागद काढून नंदावहिनींच्या हातात दिला. वहिनींनी तो वाचला, म्हणजे इंग्रजीतला 'कोळंबी' एवढा एकच शब्द वाचला, आणि त्या मोरीकडे धावल्या. पाठोपाठ आणखी नऊजणी. मोरीत एवढी जागा नव्हती. उरलेल्यांनी गॅलरीतून गुळण्या केल्या, त्या खालच्या वॉचमनवर पडल्या. गोमूत्र कुठे मिळेल, भटजींना फोन कोणी करायचा, दोन महिन्यांचं प्रायश्चित्त एकदम घेतलं तर चालतं का. सर पेटी बंद करत होते.

आणि उत्तरा त्या सगळ्या गोंधळात हात हलवत ओरडत होती, "अहो, पण मुळात त्याने चरबी अडत नाही! कोळंबी असो नाहीतर बेसन, चरबी अडतच नाही!"

तिच्याकडे कोणी वळून पाहिलं नाही. महिनाभर तिने आम्ल सांगितलं, पित्त सांगितलं, कचेरीत जाऊन आली, मुलीची जीभ निळी करून घेतली. आणि एका वासाने तीन मिनिटांत काम झालं, तेही भलतंच. ए विंगच्या बाई, ज्यांच्या घरी मासळी चालायची, सरांना बाजूला घेऊन विचारत होत्या, "गणपती झाल्यावर घेतली तर चालेल ना?" आणि सर दारातून सांगून गेले, की शुद्ध शाकाहारी माल पुढच्या महिन्यात येतोय. जाण्याआधी त्यांच्या वहीत आठ नावं पडली. आठ! गुळण्या करून आलेल्या बायकांची!

सुहासिनीबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी करंज्यांचा डबा घेतला, आवाडाबाईच्या गालावरून हात फिरवला, आणि म्हणाल्या, "चल उत्तरा, पोरीची झोपेची वेळ झाली."

घरी येईपर्यंत उत्तराने धीर धरला. दार लागलं आणि तिला रडू फुटलं. "आई, मला बुधवारीच कळलं होतं. मी बोलले नाही. तुमचा नवस... तुम्ही रोज दोन्ही वेळा... आणि मी बाटली परत जागेवर ठेवली. जुईला काही झालं तर?"

सुहासिनीबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. नवस न मानणारी सून जुईला छातीशी धरून उभी होती. त्या उठल्या, देवघराच्या कोपऱ्यातून बाटली आणली आणि ताटात उपडी केली.

"मोज."

"काय?"

"मोज म्हणते ना. कॉलेजात मोजायला शिकवलं असेल."

उत्तराने मोजल्या. एकोणनव्वद. बाटलीवर नव्वद लिहिलं होतं. एक तिनेच बेसनाबरोबर ढवळली होती.

"आई!"

"मालवणची आहे गं मी," सुहासिनीबाई म्हणाल्या. "नंदाने झाकण उघडलं, त्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर बाटली परत गेली असती." त्यांनी एक कॅप्सूल उचलून परत बाटलीत टाकली, मग दुसरी. "मुगाचं वरण, भोपळ्याची भाजी, पुन्हा मुगाचं वरण. महिनाभर. तुझ्या माहेरी चालत असेल, माझा जीव जातो. म्हणून जेवणाआधी झाकण उघडायचं, डोळे मिटायचे, एकदा हुंगायचं. मग वरणसुद्धा उतरतं. दोन घास कमीच लागतात."

"आणि नवस?"

"देवाला मी खाणार नाही म्हटलं होतं. हुंगणार नाही असं कुठे म्हटलं होतं?"

उत्तराने डोळे पुसले. नवस शाबूत, जुई शाबूत. आणि मग हळूहळू तिच्यातला फर्स्ट क्लास डोकं वर काढू लागला. अडीच किलो उतरले होते, आणि एकही गोळी पोटात गेली नव्हती! ह्याहून चोख पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळाला असता? तो इतके दिवस तिच्याच घरात, देवघराच्या कोपऱ्यात डोळे मिटून उभा होता!

"आई, हे सगळ्यांना सांगायला हवं! आत्ता! वर चला!"

"सांग की," सुहासिनीबाई झाकण लावत म्हणाल्या. "सुहासिनीबाई भर श्रावणात देवाशेजारी कोळंबी हुंगतात, असं सांग. नंदाला आधी सांग हो. अकरा दिवस डबे दिलेत तिने."

उत्तराने दाराकडे टाकलेलं पाऊल मागे घेतलं. सगळ्या जगाला ओरडून सांगावं असं सत्य आयुष्यात पहिल्यांदा हाती आलं होतं, आणि ते सासूचं निघालं.

दुसऱ्या दिवशी नंदावहिनी सुजलेल्या डोळ्यांनी बाटल्या गोळा करायला आल्या. सगळ्या खाडीत सोडायच्या होत्या. "आमची हरवली," सुहासिनीबाई दारातूनच म्हणाल्या. "ही उत्तरा काय कुठे ठेवते, हिला विचार." वहिनींनी उत्तराकडे पाहिलं, त्या नजरेत अशा धांदरट बायकांचं बाळंतपणाचं उतरतच नाही, हेही होतं. उत्तराने तेही सोसलं.

सोमवारी ती आणि जुई आईंबरोबर कोपिनेश्वराला गेल्या. येताना सुहासिनीबाई यंत्रावर चढल्या. दिवे लुकलुकले, चक्र फिरलं, तिकीट पडलं. एकोणसत्तर. उत्तराने ते सवयीने उलटून मागचं बारीक अक्षर वाचलं: 'आपल्या मनाचा थांग इतरांस लागत नाही.'

ते यंत्र साफ बिघडलेलं आहे, हे ती आजही कोणालाही सिद्ध करून दाखवील. त्या एका तिकिटाबद्दल मात्र तिची काही तक्रार नाही.